बाटलीतला रंग

खोटं बोलता न येणारी एकच बाई देवाने जन्माला घातली आणि ती नेमकी माझी आत्या केली. आंब्याच्या दिवसांत पुण्याचं गिऱ्हाईक अंगणात पेटीवर वाकलं, की ही ओटीवरून सांगायची, "वरचा थर आपल्या बागेतला हो, खालचे कर्नाटकातले." बारशाला गेली, तर पाळण्यात डोकावून म्हणायची, "नाक आजोबांवर गेलंय, आता इलाज नाही." लोक हसायचे. आम्ही तोंड लपवायचो.

तिच्या दोन्ही हातांवर कोड होतं. त्यापायी लग्न झालं नाही, हेही ती कुणी विचारायच्या आत सांगून टाकायची. माझं रत्नागिरीत औषधांचं दुकान. कोड संसर्गाचं नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. पण मुलीला बघायला चिपळूणची मंडळी येणार म्हटल्यावर मीच आत्यासाठी लोशनची बाटली आणली. बाटलीवर लांबलचक नाव होतं, डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन. "साधी साखर असते गं, कातडीला लागली की तपकिरी रंग धरते. आठवडाभर टिकतो."

"साखरेनं भागत असतं तर मेल्या, चाळीस वर्षांपूर्वी अख्खा डबा अंगावर ओतून घेतला असता," ती म्हणाली. पण बाटली घेतली.

आदल्या दिवशी लाव, मग तळवे साबणाने धू, असं बजावलं होतं. हिने लावलं त्याच सकाळी, आणि तळवे तसेच ठेवले. पाहुण्यांचे पोहे होईपर्यंत हात गव्हाळ झाले, आणि चहा येईस्तोवर तळवे गाजरासारखे. मुलाची आई कौतुकाने म्हणाली, "आत्याबाई, मेंदी वाटतं?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिने प्रयत्न केला, हे मी शपथेवर सांगेन. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "बाटलीतला रंग आहे हो. खाली कोड आहे. पुढच्या रविवारी या, दिसेल."

स्थळ मोडलं. पुढच्या वर्षी मुलीचं लग्न राजापुरात झालं, तेव्हा आत्याला मी बोलावलंच नाही. मांडवात विचारणाऱ्यांना सांगितलं, तिचे गुडघे दुखतात. मला खोटं छान बोलता येतं.

चौथ्या दिवशी लाडू घेऊन तिच्याकडे गेलो. दोन्ही हात कोपरापर्यंत एका रंगाचे, कडेकडेने उडायला लागलेले. तळवे मात्र स्वच्छ.

"आदल्या दिवशीच लावलं रे. तू सांगितलंस तसे तळवेही धुतले. वाटलं, ऐन वेळी गाडी पाठवशील."

गुडघे दुखत होते, एवढं खोटं तरी तिला बोलता यायला हवं होतं.