पाचरीवरचे दात

गल्लीत सगळे त्यांना रंधेकाका म्हणतात. सुतारकी सोडून बरीच वर्षं झाली, पण जुन्या लाकडी रंध्याचं वय सांगावं तर त्यांनीच. रंधा हातात आला की आधी त्याचा वास घेणार, मग पातं घट्ट धरणारी लाकडी पाचर काढून पातं उजेडात धरणार. "वर पातळ, धारेकडे जाड, म्हणजे लोहाराच्या हातचं. सगळीकडे सारखं असेल तर कारखान्यातलं." तोंडाशी झालेली झीज, पातं सैल करायला मागच्या अंगाला मारलेल्या ठोक्यांचे वण, सगळं ते बोटांनी चाचपून बघत. घरात हे ऐकायला कोणी नव्हतं. काकू म्हणायच्या, "रंध्यांची वयं तोंडपाठ, आणि माझं विचारलं की खाकरतात!"

ऐकायचा तो एकटा काकूंचा धाकटा भाऊ. त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान. अधूनमधून एखादा रंधा काखेत मारून यायचा.

"दाजी, हा केवढा म्हातारा?"

"म्हातारा कसला, कालचा आहे!"

"कशावरून?"

या 'कशावरून'वर काकांचा जीव होता. चहा निवून जाई आणि ते सांगत बसत: मागे ठोक्याचा एक वण नाही, आतल्या कोपऱ्यात मळ नाही, गंज नुसता वरवरचा.

हळूहळू मेहुण्याने आणलेल्या रंध्यांत खोट सापडेनाशी झाली. काका खूश. "तुझ्या भावाची नजर तयार झाली हं," ते काकूंना सांगत.

एका दुपारी त्यांना चेष्टेची लहर आली. अगदी गंभीर चेहऱ्याने मेहुण्याला म्हणाले, "अस्सल जुना ओळखायचा तर पाचर बघावी. पातं बसवताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणून सुतार पाचर दातांत धरायचा. दातांचे वण असतात तिच्यावर." पुढच्या खेपेला खरं सांगून त्याची फिरकी घेऊ, असं ठरवलं आणि विसरून गेले.

मग एक दिवस एक बाई रंधा घेऊन आल्या. "वडिलांना द्यायचाय. ते सुतारच होते. दुकानदार म्हणाले, तुम्ही पारखलाय. तेवढं साल सांगाल?"

काकांनी तो रंधा कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी पातं काढलं. झीज, मळ, ठोके, सगळं जागच्या जागी होतं. जिथे असतं म्हणून त्यांनी सांगितलं होतं, नेमकं तिथे. मग त्यांनी पाचर उलटी केली.

"हे कोणी चावलंय?" शेजारी उभ्या काकू हसत म्हणाल्या. मग त्यांनी नीट पाहिलं. दातांच्या ओळीत मध्येच एक खूण अर्धी होती. लहानपणी त्यांच्या भावाचा पुढचा दात झोक्यावरून पडून अर्धा तुटला होता, आणि झोका त्याच देत होत्या. त्या आत निघून गेल्या.

"बाई, हा परत करा," काका म्हणाले. "तुमच्यापेक्षा लहान आहे हा. आणि माझ्या हाताखालून गेलेला नाही."

संध्याकाळी मेहुणा तोच रंधा काखेत मारून हजर. "दाजी, सगळं तर बरोबर होतं! कशावरून ओळखलंत?"

आवाज तोच, लाडाचा. काकांनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

काकूंनी पाचर उपसून भावापुढे धरली. "चाव. बघू बसते का."

त्याचा चेहरा उतरला. तो पुटपुटला, "पण दाजी, तुम्हीच तर शिकवलंत सगळं."

"शिकवत नव्हतो रे," काका म्हणाले. "तू यायचास, म्हणून बोलत होतो."

अजूनही लोक रंधे घेऊन येतात. काका वय सांगतात, बिनचूक. कोणी "कशावरून?" विचारलं, तर "दिसतं तसं," एवढंच म्हणतात आणि रंधा परत देतात.