हिरामणदादाचं पडणं

खालापूर मागे टाकून आम्ही अर्धी वाट चाललो होतो. येताना एसटी बंद पडली, म्हणून आमच्या लोधिवलीपर्यंत पायीच. हिरामणदादा आमचा शेजारी. घरात दुसरं कोणी नाही, म्हणून डॉक्टरकडे मी सोबत गेले होते. डॉक्टर म्हणाले, शिरांचं दुखणं आहे, पाय असेच दगा देत जाणार, औषध नाही.

उतारावर दादाचा पाय मुडपला आणि तो सपशेल आडवा झाला. मागून सायकलवर आमच्या गावचा चांगो आला.

"वा रं हिरामण! पुनवंला आठ दिस हायत, आतापासनंच तालीम?"

खदाखदा हसत तो निघूनही गेला. त्याचं तरी काय चुकलं?

दादा तरुणपणी खोपोलीला कारखान्यात होता. तिथल्या वसाहतीत पडदा लावून जुने मुके सिनेमे दाखवत. माणसं धावताहेत, आपटताहेत, आवाज कसला नाही. दादा सांगायचा, "मद्राशी, भय्या, आमी, समदे एकदम हसायचो. कुनाला कुनाची बोली येत नव्हती गं. आन् तो पडनारा रडायचा नाय. उठायचा, टोपी सरळ करायचा, चालू लागायचा."

ते त्याच्या मनात बसलं. गावी परतल्यावर दर हनुमान जयंतीला, भजन आटोपलं की तो भरली कळशी घेऊन ऐटीत देवळापुढे यायचा, घसरायचा, पाणी स्वतःच्याच अंगावर. मग उठून टोपी सरळ करायचा. तेवढ्यावर म्हाताऱ्यासुद्धा पदर तोंडाला लावून लोळायच्या. वीस वर्षं गाव असं हसलं. आता तो खरा पडला तरी हात आपला टोपीकडे जातो आणि लोक हसतात.

आज हातही गेला नाही. टोपी खडीवर पडून राहिली. मी मनात मारुतीरायाचं नाव घेत त्याला बसवलं, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. ती तिरकी बसली आणि देवाशपथ सांगते, मलाच हसू फुटलं. लगेच लाज वाटली.

"दादा, मी गावात सांगते. यंदा कळशी नको."

"सांगू नको. गावाला कळलं का कोन हसायचं नाय. च्‌ च्‌ करतील नुसते. मंग मी घरातच मेलो म्हन."



त्याने टोपीकडे हात नेला, तो कानापर्यंतच पोचला.

"इंदू, पुनवंला मी पडंन. उठता येल का नाय, ठावं नाय. समदी आदी तुझ्याच तोंडाकडं बगतील, डॉक्टरकडं तू आलीस ना. तवा पयली तू हस, बाय. आता हसलीस ना, तशी."