मस्कतची गाडी आणि आमचे मिस्त्री

"गाडी एकदम ओके आहे" असं कुणी म्हटलं की आमचे मिस्त्री आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचे, मग गाडीकडे. सोलापुरात अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडे त्यांचं गॅरेज होतं. माझे वडील कारखान्यांतल्या चादरींचे गठ्ठे टेम्पोनं पोहोचवायचे, तेव्हापासूनचा हा घरोबा. "बंद पडलेल्या गाडीला मी भीत न्हाय," मिस्त्री म्हणायचे, "कालच धुतलेल्या गाडीला भितो." नवा रंग, नवी सीटकव्हरं आणि गोड बोलणं ही त्यांच्या लेखी एकाच रोगाची लक्षणं होती.

हा संशय गाड्यांपुरता नव्हता. मला बघायला लातूरकडून एक स्थळ आलं होतं. वडील तोवर गेले होते, म्हणून आईनं मिस्त्रींना बोलावून घेतलं. मुलगा स्वतःची म्हणून कार घेऊन आला. पोहे झाले, पसंती झाली, आई खुशीत. मिस्त्री पाहुण्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "वहिनी, गाडी पोराची न्हाय. रिव्हर्स टाकताना खाली बघत हुता. स्वतःच्या गाडीचा रिव्हर्स कुणी हुडकतंय व्हय?" चौकशी केली तर गाडी मित्राची निघाली, आणि सांगितलेली नोकरी कधीच सुटलेली. स्थळ मोडलं. मी चार दिवस मिस्त्रींशी बोलले नाही. मुलगा मला आवडला होता.

पुढे मी नर्स म्हणून मस्कतला गेले. तिथल्या उन्हात टॅक्सीची वाट बघून कंटाळले तेव्हा लायसन्स काढलं आणि एक जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. आमच्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांना सगळे दादा म्हणत. त्यांनी आपली पांढरी गाडी देऊ केली. "सोलापूरची म्हणजे आमची बहीणच," म्हणाले. मी जवळजवळ होकारच दिला होता. केवळ मनाच्या समाधानासाठी गाडीत बसून मिस्त्रींना व्हिडिओ कॉल लावला.

"गाडी सावलीत हाय का उन्हात?"

"तळघरातल्या पार्किंगमध्ये. सकाळपासून इथंच उभी आहे म्हणतात."

"खाली उतर, बॉनेटला हात लाव."

लावला. गरम होतं.

"तू यायच्या आधी चालू करून ठेवली. बरं, आता सीटबेल्ट वढ. पार शेवटपर्यंत वढ. तितं बोट फिरव. काय लागतंय?"

"बारीक माती. वाळलेली."

"आता वास घे."

कुबट वास होता, ओल्या पोत्यासारखा.

"पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी हाय ती. कव्हरं बदलली, बेल्ट आतनं धुवायचा राहिला. घेऊ नको."

दादा शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "कोण हा गॅरेजवाला? तिकडे बसून मला चोर ठरवतो?" मी गाडी घेतली नाही. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण मला आलं नाही, त्याच्या पुढच्याचंही नाही. परक्या गावात आपल्या भाषेत बोलायला तेवढीच चार घरं होती, तीही तुटली. मिस्त्रींचं बरोबर होतं हे कळूनही मी त्यांच्यावर मनातून चिडले.

महिन्याभरानं एका निवृत्त ओमानी शिक्षिकेची गाडी बघायला गेले. दार चेपलेलं, रंग मूळचा, आत धूळ. इंजिन मात्र हाकेला ओ दिल्यासारखं सुरू झालं. मिस्त्रींना फोन लावला, तर त्यांना लगेच शंका आली. "एवढी चांगली गाडी इकती कशाला? फोन दे तिला."

बाईंना मोडकंतोडकं हिंदी येत होतं, मिस्त्रींना सोलापुरी दखनी.

"अम्मा, गाडी कायकू बेचरे?"

"आँख खराब. बाजू का नहीं दिखता. उस दिन एक बच्चे को लगते-लगते बचा."

मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, "व्हय अम्मा. पैले बाजूका जाता." आणि मला म्हणाले, "घे ही गाडी."

बॉनेट उघडायला सांगितलं नाही, बेल्ट नाही, काहीच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला मिस्त्रींचाच संशय आला. घरी येऊन पहिला कॉल आठवून बघितला. 'दाखव' असं ते एकदाही म्हणाले नव्हते. हात लाव, बोट फिरव, वास घे. मी नर्स, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं! त्यांच्या बायकोला, शारदाकाकूंना फोन लावला. त्या रडायलाच लागल्या. "वरीस झालं की गं. हातानं चाचपून कामं करत्यात. कुणाला सांगू देत न्हाईत."

रजा काढून सोलापूरला आले आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर येणार नव्हती, उरलेली औषधानं टिकली तर टिकणार होती. "आधी का नाही सांगितलं, काका?" मी जरा ओरडलेच. ते शांतपणे म्हणाले, "न दिसणाऱ्या मिस्त्रीच्या हातात तू तरी गाडी दिली असतीस का?"

गॅरेज बंद करून ते शारदाकाकूंसह मैंदर्गीला भावाकडे राहायला जायला निघाले. काकू सामान घेऊन आदल्या दिवशीच गेल्या. मिस्त्रींना मी सोडलं, माझ्या धाकट्या भावाची गाडी घेऊन. सुरुवातीला त्यांच्या सूचना चालू होत्या. "तिकडं उजव्या अंगानं चालवायची सवय तुला. हितं डावीकडं ऱ्हा." वळसंग गावापर्यंत, त्यांच्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर त्यांचा पाय दाबलेला होता. पुढे आवाज बंद झाला. वळून बघितलं तर मान खिडकीकडे कलली होती, तोंड थोडं उघडं. दुसऱ्याच्या हातच्या गाडीत हा माणूस झोपलेला मी आयुष्यात बघितला नव्हता, वडिलांच्या टेम्पोतसुद्धा नाही.

मैंदर्गी आली तरी ते झोपलेलेच होते. त्यांच्या भावाच्या दारात काकू वाट बघत उभ्या दिसल्या. मी त्यांना हातानंच थांबा म्हटलं, वेग न वाढवता पुढे गेले, आणि गावाबाहेर दोन मैल जाऊन सावकाश परत आले.