डिझेल टाकेपर्यंत

"साहेब शेजारी बसतात, पण खड्डा कुठं आहे ते मलाच माहीत असतं," असं पायलट त्याच्या निरोप समारंभात म्हणाला होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत माईक हाती आला तो तेवढाच एकदा. पुढची चार वाक्यंही त्यानं पाठ करून आणली होती, पण साहेबांना मध्येच उठून कुठंतरी जायचं होतं, आणि त्यांना सोडायला अर्थातच तोच गेला. त्याच्या गौरवाची उरलेली भाषणं त्याच्या रिकाम्या खुर्चीनं ऐकली.

पायलट म्हणजे मोजणी ऑफिसचा ड्रायव्हर. विमान त्यानं जमिनीवरूनच पाहिलेलं, पण डोंगरातल्या चिखलात तो जीप अशी उचलून काढायचा की कुणीतरी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तो रिटायर झाला त्याच वर्षी जीपही भंगारात निघाली. ऑफिसनं दोघांसाठी वेगवेगळी पत्रं काढली, मजकूर साधारण सारखाच. जीपच्या लिलावात बोली लावणारा तो एकटाच होता, तरी घासाघीस केलीच.

इथपर्यंत त्याच्या मेव्हण्याची काही तक्रार नव्हती. मेव्हणा म्हणजे पायलटच्या बायकोचा धाकटा भाऊ, दोन गल्ल्या सोडून गॅरेज चालवणारा. तक्रार सुरू झाली ती कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या पाटीपासून. पायलटनं ती डाव्या मडगार्डनं महिन्यात दोनदा आडवी केली आणि दोन्ही वेळा शिंप्यालाच झापलं, की पाटी रस्त्यात ठेवतोस कशाला. पाटी शिंप्याच्या ओट्यावर होती.

बायकोनं त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर त्याच्याशी गोड बोलले, "जरा जपा" म्हणाले, आणि तिला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. डावीकडचं दिसणं जवळजवळ गेलंय, परत यायचं नाही. त्यांना स्वतःला ते कळत नसेल. गाडी आजपासून बंद. एवढं मोठं ओझं तिच्या पदरात टाकून डॉक्टर हात धुवायला गेले.

ती तडक गॅरेजमध्ये आली.

"तू सांग त्यांना."

"मी? ताई, नवरा तुझा आहे."

"भाऊजी तुझे नाहीत का? गाडीचं तुझं ऐकतात ते."

"गाडीचं ऐकतात. डोळ्यांचं कोण ऐकेल?"

दोघांनी मिळून खूप विचार केला आणि कुणीच काही सांगायचं नाही असं ठरलं. प्रेमाच्या माणसांत असे ठराव एकमतानं पास होतात.

मग नशिबानं, किंवा ज्याला आपण सोयीनं नशीब म्हणतो त्यानं, मदत केली. आठवड्यानं चहा पिता पिता पायलट स्वतःच म्हणाला, "फार पेट्रोल पितेय ही. इंजिन काढून डिझेलचं टाकावं म्हणतो."

"टाका की," बायको म्हणाली.

चाळीस वर्षांच्या संसारात त्याच्या कुठल्याही बेताला ती पहिल्या वाक्यात हो म्हणाली नव्हती. पायलटनं कप खाली ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं. तिनं मान खाली घालून चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती.

इंजिन काढलेली गाडी कुठं जात नाही. बेत एवढाच होता. पुढच्याच रविवारी मेव्हणा चेन-कप्पी घेऊन त्यांच्या परसातल्या शेडमध्ये हजर झाला आणि दुपारच्या जेवणाआधी जुनं इंजिन जमिनीवर होतं. त्याच्या गॅरेजमध्ये साधा क्लच बदलून घ्यायला गिऱ्हाइकं आठ-आठ दिवस खेटे घालतात, त्या सगळ्यांनी हे पाहायला हवं होतं.

"आता चांगलं डिझेल इंजिन मिळणं अवघड आहे हो भाऊजी," तो हात पुसत म्हणाला. "वर्ष जाईल."

चार दिवसांनी पायलट इंजिन घेऊन आला. मागून ठोकर बसलेली एक पिकअप त्यानं भंगारवाल्याकडे शोधली होती. मागची बाजू पापडासारखी, इंजिनाला ओरखडा नाही.

"पण याची भोकं आपल्या गिअरबॉक्सला जुळत नाहीत," मेव्हणा म्हणाला. "मध्ये प्लेट बनवावी लागेल. तसा लेथवाला आता राहिलाय कुठं?"

पायलटनं पुठ्ठा घेतला, गिअरबॉक्सच्या तोंडावर दाबला, तेलकट अंगठ्यानं एकेका भोकाचा ठसा घेतला, मग तसाच इंजिनाचा. ते दोन पुठ्ठे काखेत मारून तो चार गावं फिरला आणि पंधराव्या दिवशी पोलादी प्लेट घेऊन आला. मेव्हण्यानं ती मोठ्या आशेनं मोजली. कुठंतरी केसभर चुकलं असेल. चुकलं नव्हतं. त्याला राग आला, आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी आलं, ज्याच्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही.

मग तेलाचा चेंबर पुढच्या अॅक्सलला अडायला लागला.

"झालं!" मेव्हणा जरा जास्तच आनंदानं म्हणाला. "इंजिन वर घ्यावं तर बॉनेट लागत नाही. मागे घ्यावं तर गिअरचा दांडा साहेबांच्या मांडीत."

"साहेब कुठं आहेत आता?" पायलट म्हणाला. "आणि दांडा कशाला हलवता? चेंबर कापा, खाच काढा, वेल्डिंग मारा. का येत नाही तुम्हाला मेव्हणे?"

इथं घात झाला. येत नाही हे शब्द मेव्हण्याला उभ्या जन्मात कुणी ऐकवले नव्हते. त्यानं चेंबर कापला, खाच बसवली, आणि शिवण अशी मारली की दोन पावलं मागे सरून स्वतःच बघत राहिला. त्या दिवसापासून त्याला जीप बुधवारीही आठवायला लागली. दुसऱ्याच्या गाडीखाली झोपलेला असताना तो या गाडीचा रेडिएटर कुठं बसेल ते ठरवायचा.

"कुठवर आलंय?" बहीण विचारायची.

"अजून पुष्कळ आहे ताई."

"तुझ्या तोंडावरून वाटत नाही."

खरं तर एकच हुकमाचं पान उरलं होतं. पेट्रोलचं इंजिन ब्रेकच्या मदतीला लागणारा व्हॅक्यूम आपल्या आपण देतं. डिझेलचं देत नाही, त्याला वेगळा पंप लागतो, नाहीतर ब्रेकचं पेडल दगड होतं. पंप मिळत नाही, एवढं म्हटलं की सहा महिन्यांची निश्चिंती. पंप त्याच्याच गॅरेजच्या फळीवर पडून होता. शनिवारी तो तेवढा पंप घेऊन शेडमध्ये आला, बसतो का ते फक्त बघायला. दारुड्यानं बाटली फक्त हुंगायला घ्यावी तसं. पंप बसला. बसलाच आहे तर बोल्ट आवळले. आवळलेच आहेत तर पट्टा चढवला. काम संपल्यावर त्याच्या लक्षात आलं की काम संपलं आहे.

रविवारी सकाळी पायलटनं डिझेलच्या नळीतली हवा काढली, दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घालून जीपमध्ये बसला. पहिल्या सेल्फला धूर आला, दुसऱ्याला इंजिन बोललं. पत्रे थरथरले, मग सूर लागला. जाड, एकसारखा, न अडखळणारा. मेव्हणा ड्रायव्हरच्या बाजूला उभा होता आणि त्याच्या अंगावर काटा आला. इतकं चांगलं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते करायचं नव्हतं.

आवाज ऐकून बहीण स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच धावत आली. ती दुसऱ्या बाजूनं, डाव्या मडगार्डला खेटून उभी राहिली. तिनं एक हात बॉनेटवर टेकला आणि भावाकडे पाहिलं. लहानपणी त्यानं तिची पाटी फोडली तेव्हाही तिनं असं पाहिलं नव्हतं.

"आवाज बघा मेव्हणे, आवाज!" पायलट ओरडला. त्याचा चेहरा तीस वर्षांनी तरुण झाला होता. "आणि ही कुठं राहिली? अगं ए! ये की बाहेर!"

मेव्हण्यानं बॉनेटपलीकडे बहिणीकडे पाहिलं.

"हाक मारा हो तिला. भांडी घासत बसली असेल. म्हणावं, पहिली फेरी तुझी." त्यानं हॉर्न वाजवला. दोनदा. "ऐकू येत नाही का तिला?"

ती त्याच्यापासून चार हातांवर होती.

"अहो," ती म्हणाली, "मी इथंच आहे."

पायलटनं आधी समोर पाहिलं, मग घराच्या दाराकडे, मग मान वळवत वळवत पार खांद्यापर्यंत नेली, तेव्हा कुठं ती सापडली.

"केव्हा आलीस?"

"मघाशीच."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग मेव्हण्याकडे. दोघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते त्याला अगदी स्वच्छ दिसलं. त्याचे ओठ किंचित हलले, जणू मागचे रविवार तो एकेक करून तपासत होता. प्लेट, चेंबर, वर्ष जाईल, साखर विरघळलेला चहा.

"भाऊजी, मी तुम्हाला सांगणारच..." मेव्हणा म्हणाला. पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं, आणि पुढचं काही नव्हतंही.

पायलटनं स्टॉपचा नॉब ओढला. जीप एकदा हादरली आणि गप्प झाली. तो उतरला, दार हळूच लावलं, शर्टाच्या बाह्या खाली करून बटणं लावली, आणि मेव्हण्याला वळसा घालून फाटकाबाहेर निघून गेला.