बाईचा रोज वाय

"ये गं, तुझी आई आमच्याच रानात कांदा लावती ना? काढ तिची किंमत फळ्यावर."

दहावीचा वर्ग, सोनईची शाळा. गणिताचे सर घरचे बागायतदार. त्यांनी सवताच्या कांदा-लागणीचा खर्चच फळ्यावर मांडला हुता. चार गडी, सहा बाया, दिवसाचे एकोणीसशे. दोन गडी, पाच बाया, साडेबाराशे. गड्याचा रोज एक्स, बाईचा वाय. मागून एकजण वरडला, "वाय म्हंजी हिची आई!" अख्खा वर्ग हसला.

मीबी हसले. हेच सांगायचंय मला. तवा रडले असते तर आज एवढं टोचलं नसतं.

दुसऱ्या समीकरणाची दुप्पट केली, पहिलं वजा केलं. बाई दीडशे, गडी अडीचशे. सगळ्यांच्या आधी. सर म्हणाले, "शाब्बास! वस्तीतली असून डोकं हाय." आणि लाज वाटती सांगायला, मला लई आनंद झाला.

सांजच्याला आई घरी आली. चिखलानं भरलेली, कंबर धरून बसली.

"आज काय शिकलीस?"

"गणित. माझंच बरोबर आलं."

तिनं तशाच हातांनी माझ्यावरून बोटं मोडली. गणित कसलं हुतं, ते मी सांगितलं न्हाई.

आता मी नागापूरला क्लास घेते. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांची पोरं येतात. आणि माझा नालायकपणा ऐका. इतकी वर्षं मी तेच गणित देत आले. आकडे सुटसुटीत येतात म्हणून! परवा फळ्यावर "बाई – वाय" लिहिलं, सोडवून बाई दीडशे, गडी अडीचशे काढले, तशी पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, माझी मम्मी पॅकिंगला जाती. बाईला कमीच का?"

कुणीतरी खिदळलं. ती हसली न्हाई. माझ्याकडं बघत राहिली.

मला मान वर करवेना. जन्मभर त्या सरांना शिव्या घातल्या मी, आणि खडू माझ्याच हातात.

वाय पुसला. तिथं एक्स लिहिला. गड्याला एक्स, बाईलाबी एक्स.

"मॅडम, मग गणितच उरत न्हाई," पोरं म्हणाली.

"न उरू दे."

ते गणित आता माझ्या फळ्यावर येणार न्हाई. पण तेवढ्यानं माझी सुटका न्हाई. रविवारी सोनईला जाणार हाय. आईला सांगणार, तू रानात वाकली हुतीस, तवा मी वर्गात तुला हसले हुते. तिनं थोबाडीत मारली तर खाईन. ती काहीच बोलली न्हाई, तर तेबी सोसीन. पण सांगणार.