उजव्या हाताचा दरवाजा

मास्तर तीन दिवसांपासून डोकं खाऊन राहिले. "श्रीपतबुवा, सुभेदाराचे किस्से लिहून द्या." मी दुसरी शिकलेला माळी! त्याचं घर माझ्या समोर आहे, त्याले विचारा ना. पण नाही. किस्सा म्हणजे वावरातलं कुंदा गवत. एक उपटलं की खालून दुसरं. आन् गावात माझं नाव कोणामुळं खराब झालं, तेही येईलच यात.

किसन आन् मी मूर्तिजापूरकडल्या एकाच गावचे. एकाच पलटणीत बसऱ्याच्या लढाईले गेलो. तो सुभेदार होऊन आला, मी सिपाईच राहिलो. मग तो नागपूरच्या कौन्सिलासाठी उभा राहिला.

मतं मागायले गेला, तर लोकायले रांगेत उभं करून गिनती म्हणायले लावे. एक म्हातारा चिडला, "सुभेदार, मत द्याचं हाय का लढाईले जाचं हाय?"

तरी निवडून आला!

*

कौन्सिलात पहिलं भाषण बार्शीटाकळीच्या रस्त्यावर. उठला, छाती काढली. "रस्ता खराब. बैल फसतात. रिपोर्ट खतम!" बसला.

बाकीचे मेंबर तासतासभर बोलत. रस्ता मात्र याचाच झाला.

*

नागपुरात मी त्याचा स्वयंपाकी. बाकी मेंबर इंग्रजीत बोलत, याच्याकडं कोणी फिरकत नसे. संध्याकाळी तो बूट घासे, मी वांगी भाजो. एकदा ब्रश ठेवून म्हणे, "श्रीपत, इथं मले कोणी शिवी पन देत नाही रे!"

मी दिली एक. पोटभर जेवला.

*

मग बागाइतीचा सारा वाढवायचं बिल आलं. आमच्या माळ्यायच्या पोटावर पाय. मत द्यायले मेंबर दोन दरवाज्यातून बाहेर जात. सकाळी मी त्याले तीनदा सांगितलं, "विरोध म्हणजे उजव्या हाताचा दरवाजा." तो म्हणे, "समजलं बे."

मी वर गॅलरीत. सरकारकडला एक गोरा मेंबर उठला, जुना कॅप्टन. डाव्या दरवाज्याकडं निघाला. आन् आमचा सुभेदार त्याच्या मागं, पायात पाय मिळवून, लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट! मले वरून ओरडताही येईना.

गावात माळ्यायची बैठक बसली. "सुभेदार, हे काहून केलं?" त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. म्हणे, "श्रीपतनं दरवाजा चुकीचा सांगितला."

सुभेदारासमोर सिपायाले बोलायची सवयच नाही. तवापासून माझ्या विहिरीवर कोणी चिलीम ओढायले बसत नाही.

*

औंदा माझी बायको गेली. मसणात चार माणसं आली. मागून सुभेदार आला. वर्दी, मेडलं, सगळं. सरण पेटलं तसा सॅल्यूट केला आन् भर उन्हात दोन घंटे ताठ उभा राहिला. लोक गेले. आमी दोघंच.

मले वाटलं, आता बोलते. त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले.

म्हणे, "श्रीपत, ऊन लय हाय."

आन् गेला.

माफी मागायची राहिलेला माणूस, मास्तर, नावानिशी लिहून देतो: सुभेदार किसनराव गावंडे.