शंकरमामांची पाठ

अॅनाटॉमी डिपार्टमेंटमध्ये निम्मी माणसं बोलत नाहीत. टेबलावर निजलेली असतात बिचारी. मग उरलेल्या निम्म्यांना दुप्पट बोलावं लागतं, आणि त्यातनं किस्से साठत जातात. मी कोल्हापुरात तीस वर्षं अॅनाटॉमी शिकवली. जुने विद्यार्थी भेटले की मी काय शिकवलं ते एकालाही आठवत नाही, शंकरमामा मात्र सगळ्यांना आठवतात! म्हणून आज मामांचेच सांगते.

*

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. मी नवी नवी लेक्चरर. त्या दिवशी पाठीचे स्नायू शिकवायचे होते. आमचे हेड इनामदार सर वर्गात आले आणि अटेंडंटला म्हणाले, "मामा, शर्ट काढा."

शंकरमामांनी खाकी शर्ट काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि पोरांकडे पाठ करून उभे राहिले. अशी पाठ मी पुस्तकातसुद्धा बघितली नव्हती. सरांनी खडूनं मानेपासून दोन्ही खांद्यांपर्यंत आणि खाली कण्यावर पतंगासारखा ट्रॅपीझियस काढला. मग कमरेपासून काखेत जाणारा लॅटिसिमस डॉर्साय. सर ज्या स्नायूवर बोट ठेवतील तेवढाच मामा हलवून दाखवायचे.

एका पोरानं विचारलं, मामा, कुठल्या तालमीचे? मामांना ते आवडलं नाही.

"तालीम न्हाय. वल्हं. नरसोबाच्या वाडीला नाव मारत हुतो धा वर्सं."

वर्षातनं तो एकच दिवस मामांचा. एरवी बादल्या, फॉर्मालिनचा वास आणि चाव्यांचा जुडगा. त्या दिवशी मात्र सर ओळख करून द्यायचे, "हे आपले आजचे शिक्षक." मामा आदल्या दिवशी कटिंग-दाढी करून यायचे. पाठीच्या तासाला दाढी कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, शेवटाला वळाय लागतंय की.

*

एकदा मामांच्या बायको थेट सरांच्या केबिनमध्ये आल्या. डोक्यावरून पदर, हातात मामांचा बनियन. सर गडबडले, उठून उभे राहिले. बाईंनी बनियन टेबलावर पसरला. त्यावर लाल ट्रॅपीझियस जसाच्या तसा उमटलेला.

"सायेब, ह्यांच्या पाठीवर काय लिवायचं ते लिवा. पर पांढऱ्यानं लिवा. लाल निघंना झालाय."

एवढे मोठे हेड, डीनलासुद्धा न जुमानणारे. त्या दिवसापासून आमच्याकडं पाठीला पांढराच खडू.

*

इतकी वर्षं ऐकून ऐकून मामांना सगळं पाठ झालेलं. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक यायचे, त्यांच्या खुर्चीमागं मामा पाण्याचा तांब्या घेऊन उभे. पोरगं अडकलं की मामा मागनं हळूच खांदे उडवायचे, म्हणजे ट्रॅपीझियस!

एकदा परीक्षकांनी लॅटिसिमस डॉर्सायचं काम विचारलं. पोरगं घामाघूम. मागं मामांनी तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी हवा ओढायला सुरुवात केली. पोरगं म्हणालं, "सर, नाव वल्हवणं."

परीक्षक म्हणाले, "पुस्तकात झाडावर चढणं दिलंय. नाव कुठनं आणली?" आणि मागं वळले. मामा भर नदीत!

आम्हाला वाटलं आता मामांचं काही खरं नाही. परीक्षकांनी शांतपणे कागद पुढं ओढला. "दहापैकी आठ. पाच तुमचे, तीन मागच्यांचे."

*

आता जरा वेगळा सांगते.

दोन हजार साल उलटून गेलेलं. उचगावच्या भुसार दुकानदाराची पोरगी होती, सविता. अतिशय भित्री, तोंडातनं शब्द निघायचा नाही. पाठीच्या तासाला मी तिच्या हातात खडू दिला. तिनं उजवी बाजू काढली. डावी काढली, पुसली. परत काढली, परत पुसली. पोरं हसायला लागली. मी वैतागले. म्हटलं, अगं बाई, दोन्ही बाजू सारख्याच असतात, पुस्तकात बघितलं नाहीस का?

तिच्या डोळ्यांत पाणी. "मॅडम, पुस्तकात असतील. मामांच्या न्हाईत."

मी चिडूनच पुढं झाले आणि मामांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. पोरगी बरोबर होती. खांदा उतरलेला, वरचा स्नायू पार वाळून गेलेला. इतकी वर्षं आम्ही पुस्तकातलं चित्र डोक्यात ठेवून त्या पाठीवर रेघा मारत होतो. पाठ कुणी बघितलीच नव्हती. लाज वाटली मला. अजून वाटते.

वर्ग सोडून दिला, सरांना बोलावून आणलं. सरांनी विचारल्यावर मामांनी खाली मान घालून सांगितलं, की साल झालं, डावा हात वर जात नाही. सर ओरडले, मग बोलला का नाहीत?

"बोललो असतो तर तासाला दुसरा कोन उभा केला असतासा."

*

मानेत चिंचोक्याएवढी गाठ निघाली. साधी होती, ऑपरेशन झालं, जिवावरचं टळलं. पण स्नायूला जाणारी नस तिच्यात गुंतलेली, ती वाचली नाही. डाव्या बाजूचा ट्रॅपीझियस गेला तो गेलाच.

पुढच्या वर्षी पाठीचा तास आला. सर आणि मी वर्गात गेलो तर टेबलावर प्लॅस्टिकचं मॉडेल, फडक्यानं लख्ख पुसलेलं. शेजारी मामा, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावून. दाढीही केली नव्हती. सरांना म्हणाले, सायेब, आता ह्येच्यावर शिकवा, माझी पाठ बिघडलीया.

सरांनी मॉडेल उचलून माझ्या हातात दिलं. मग स्वतःच्या हातानं मामांची बटणं काढायला लागले. मामा नको नको म्हणत होते, पण उभे राहिले.

उतरलेला खांदा बघून पोरं कावरीबावरी झाली. सरांनी मानेच्या डाव्या बाजूला, जिथं मोठा स्नायू नव्हता तिथं बोट ठेवलं. आत दोरीसारखं काहीतरी ताणलेलं दिसत होतं. सर म्हणाले, "हा लेव्हेटर स्कॅप्युली. लहान असतो, मोठ्याच्या खाली झाकलेला. जिवंत माणसात इतका स्पष्ट मी पहिल्यांदा बघतोय. मोठा गेल्यापासून मुख्यतः हाच खांदा उचलून धरतोय."

मामांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, कुठं हाय त्यो?

सरांनी त्यांचा उजवा हात धरून बोटं त्या जागेवर टेकवली. मामा बराच वेळ चाचपत राहिले. मग त्यांनी तिथं हलकेच दोनदा थोपटलं.

"वढ गड्या. रिटायर व्हायला दोन वर्सं हायत, तवर वढ."